एका लोखंडी दांड्याची साक्ष

जुन्या घराचा माळा उतरवताना एखादी वस्तू हाती येते आणि ती कशासाठी होती हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. मग दोन मते पुढे येतात. एक म्हणते, आकार नीट बघा, काम आपोआप कळेल. दुसरे म्हणते, आकार अनेक कामांना जुळतो, म्हणून वस्तूवर उरलेल्या खुणा बघा. हा वाद खानदेशात तरी क्षुल्लक मानू नये. या प्रदेशाची ओळख ज्या कापसाने घडवली, त्या कापसाचे व्यापारी, वखारी आणि गिरण्या कागदोपत्री सापडतात. पण तो कापूस ज्या साध्या अवजारांतून गेला, त्यांची ओळख आता त्या अवजारांवरूनच पटवावी लागते. म्हणून धरणगावातल्या एखाद्या माळ्यावर सापडू शकेल अशी एक वस्तू समोर ठेवू: फूट-सव्वा फूट लांबीचा, मधे बोटाएवढा जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळता होत गेलेला लोखंडी दांडा. त्याच्याभोवती दोन भूमिका बसवू. एक आबांची, ज्यांचा जन्म गावातल्या अवजारांमध्ये गेला. दुसरी त्यांच्या पुतणीची, जी पुरातत्त्व शिकली आहे. दोघेही कल्पित आहेत, पण त्यांचे युक्तिवाद खरे आहेत आणि त्यांतला एकही हलका नाही.

आबांची बाजू आधी ऐकू, कारण बहुतेकांचे मत तेच असते. “अगं माय, यात कोडं कसलं? हे लाटणं आहे. मधे भरीव, दोन्ही बाजूंना निमुळतं, म्हणजे तळहाताखाली फिरवायची वस्तू. लोहार पोटासाठी काम करतो. लोखंड महाग, कोळसा महाग, भात्यावर बसणारं माणूस वेगळं. तो उगीच एक वळण देणार नाही. विळ्याची धार आत का आणि कुऱ्हाडीची बाहेर का, हे कुणी शिकवावं लागत नाही. हातात घेतलं की हात सांगतो. अवजाराचा आकार हा कारागिराने देऊन ठेवलेला जबाबच असतो. तो सोडून तू भिंगातून ओरखडे कशाला मोजतेस?”

या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. अवजार हे गरजेतून घडते आणि त्याचा प्रत्येक बाक कुठल्या तरी अडचणीचे उत्तर असतो. पण आबांनी जबाब एकच धरला आणि पुतणीचा आक्षेप नेमका तिथे आहे. “आबा, लोहाराने उगीच वळण दिलं नाही, हे मला मान्य. पण हेच वळण त्याने चार वेगळ्या कामांसाठी दिलं असेल तर? लाटणं असं असतं. कारकुनाचा रेघा मारायचा रूळ साधारण असाच. सरकी काढायच्या चरकीतली वरची लोखंडी लाट अशीच. आणि दगडावर कापूस ठेवून त्यावरून फिरवायची लोढण्याची सळईही अशीच. चौघांनाही गोल फिरायचं आहे, म्हणून चौघंही गोल आहेत. आकाराने आपल्याला चार नावं दिली. त्यांतलं कुठलं खरं, हे मात्र सांगितलं नाही.”

“मग गाव सांगेल,” असे आबा म्हणतील. वस्तू जिथे सापडली तिथला धंदा कोणता, हे पाहिले की उत्तर मिळते, असे पुष्कळ संग्राहकही मानतात. धरणगावच्या बाबतीत मात्र हा दिवा चारही दिशांना उजेड पाडतो. 1674 मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली, ती इथल्या कापडासाठी. पण जुन्या काळी या गावच्या कापडाबरोबर इथल्या कागदालाही नाव होते. पुढे कागदाचा धंदा बंद पडला आणि विणकाम टिकले. 1825 पासून आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने इथे भिल्ल पलटण उभी केली, म्हणजे लष्करी कचेरी आली, दप्तर आले आणि दप्तराबरोबर रूळही आले. 1855 मध्ये सरकारने इथे 96 सॉ जिनांचा, म्हणजे सरकी काढणाऱ्या दातेरी यंत्रांचा, कारखाना काढून त्यावर युरोपीय देखरेख अधिकारी नेमला. कापड, कागद, कचेरी आणि कारखाना, या चौघांचीही जुनी अवजारे एकाच गावात सापडू शकतात. स्वयंपाकघर तर प्रत्येक घरात होतेच. गावाचा इतिहास त्यामुळे शक्यतांची यादी वाढवतो. त्या यादीतून निवड करायला त्याची मदत होते ती वस्तू कुठल्या खोलीत, कशाच्या शेजारी होती हे ठाऊक असेल तेव्हाच, आणि माळा रिकामा करताना पहिल्यांदा पुसली जाते ती हीच माहिती.

तेव्हा प्रश्न पुढच्या पायरीवर नेला पाहिजे: हा दांडा कोणते काम करू शकतो आणि कोणते करू शकत नाही? इथे आकाराची खरी ताकद कामी येते. वेचलेल्या कापसाच्या वजनात साधारण एक तृतीयांश रुई असते आणि दोन तृतीयांश सरकी. सरकी फुटू न देता रुई तिच्यापासून ओढून काढणे, ही लोढण्याची सगळी कला. सपाट दगडावर थोडा कापूस ठेवून बारीक दांडा त्यावरून दाबत फिरवला, की तंतू दांड्याखाली ओढले जातात आणि सरकी पुढे ढकलली जाते. दांडा बारीक असेल तरच हे साधते. बारीक दांड्याचा गोलावा सरकीसमोर उभा भिंतीसारखा येतो आणि तिला खाली शिरू देत नाही. जाड दांड्याचा गोलावा उतरता असतो. सरकी त्याखाली सापडते, फुटते आणि तिचे तेल नि तुसे रुईत मिसळतात. म्हणून बोटभर जाडीचा दांडा लोढण्याला योग्य आणि मनगटाएवढा दांडा अयोग्य, हे मोजपट्टीने ठरवता येते. तसेच चरकीच्या लाटेला खांबांतून बाहेर यायला मान लागते आणि एका टोकाला फिरवायची मूठ बसवायला किंवा दुसऱ्या लाटेशी जोडायला खाच, चौकोन अथवा आटे लागतात. त्यांतले काहीच नसेल, तर चरकीचा दावा तिथेच पडतो. आबांचा आकार असा महत्त्वाचा साक्षीदार ठरतो, पण त्याची साक्ष नकाराची आहे. हे काम या वस्तूने झालेच नसते, एवढे तो ठामपणे सांगतो. हे काम झालेच होते, असे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

झाले काय होते, हे झीज सांगते. “आबा, वस्तू घडवणारा एक आणि वापरणारी दुसरी. घडवणाऱ्याचा हेतू आकारात दिसतो, वापरणारीचे कष्ट झिजेत. लाटणं असेल तर तळहात जिथे टेकतात ती टोकं गुळगुळीत हवीत आणि मधला भाग तेलाने, पिठाने काळवंडलेला हवा. दगडाचे ओरखडे नकोत. रूळ असेल तर शाईचे डाग हवेत. चरकीची लाट असेल तर लाकडी खांबात फिरून टोकांजवळ गोल खाचा पडलेल्या हव्यात आणि तिथे वंगणाचा थर हवा. आणि दगडावर फिरलेली सळई असेल तर जाड भागावर, गोलाव्याच्या दिशेने, बारीक ओरखड्यांचा पट्टा हवा. टोकांना चकाकी हवी, कारण दाब तिथे दिला जातो. पायाने फिरवली असेल तर टोकांची चकाकी रुंद आणि पसरट, हाताने फिरवली असेल तर अरुंद.” या पद्धतीला परंपरा आहे. सर्गेई सेम्योनोव या रशियन संशोधकाने दगडी हत्यारांवरच्या झिजेच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांची कामे ओळखण्याचा मार्ग घालून दिला आणि 1957 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे लॉरेन्स कीली यांनी हा मार्ग कसोटीला लावला: सहकाऱ्याने नवी दगडी हत्यारे घडवून वापरली आणि कशासाठी वापरली हे न सांगता कीलींना दिली. हत्याराचा कोणता भाग वापरला गेला हे त्यांना बहुतेक वेळा अचूक ओळखता आले. कोणत्या पदार्थावर वापरला हे त्याहून कमी वेळा. झिजेची साक्ष भक्कम आहे, पण तिलाही मर्यादा आहे, हे या कसोटीने दाखवून दिले, आणि म्हणूनच ती विश्वासार्ह आहे.

आता आबांचा दुसरा आक्षेप. “खुणा बघायच्या तर आधी गंज काढायला हवा. चिंच लावून, राखेने घासून दांडा लख्ख करू आणि मग तुझं भिंग लाव.” ही सूचना आपुलकीतून येते, आणि तरी जुन्या वस्तूंचे सर्वाधिक नुकसान याच आपुलकीने होते. गंजाच्या थरात जे अडकले आहे ते बहुधा दुसरीकडे कुठेच उरलेले नसते. याचा ठळक दाखला महाराष्ट्रातच आहे. नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. आपल्या जमिनीत सूत टिकत नाही. पण मण्यांच्या आतला धागा तांब्याच्या गंजाने जपला होता आणि तपासणीत त्यात कापसाचा नि रेशमाचा अंश आढळला. कुणी ते मणी हौसेने घासून चकचकीत केले असते, तर या भूमीतल्या धाग्याच्या इतिहासाचा एक दुर्मिळ पुरावा हौदाच्या पाण्यात वाहून गेला असता. लोखंडाचा गंजही तंतूंना वेढून त्यांचा साचा जपू शकतो. दांड्याच्या एखाद्या खळग्यात रुईचा धागा किंवा सरकीचे तूस अडकलेले निघाले, तर त्याचे वजन शंभर तर्कांपेक्षा जास्त आहे. म्हणून पहिला नियम हाच, की ओळख पटेपर्यंत वस्तू धुऊ नये, घासू नये, तिला तेल लावू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो आबाच घेऊ शकतात. “खुणा मुक्या असतात, माणसं बोलतात. गावात ऐंशी-नव्वदीच्या बाया आहेत. त्यांना विचार. ज्यांच्या हातांनी कामं केली त्यांचं म्हणणं सोडून तू लोखंडाचं म्हणणं काय ऐकतेस?” लोकांच्या आठवणीला कमी लेखणारे संशोधन आंधळे असते, हे पुतणीला नाकारता येणार नाही आणि तिने नाकारूही नये. झीज हालचाल सांगते. त्या हालचालीला नाव, वेळ आणि माणूस मिळतो तो आठवणीतूनच. काम सकाळी होई की रात्री, सुना करत की मजुरीच्या बाया, सरकी बैलाला घालत की विकत, हे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. पण आठवणीलाही वय असते. नव्वदीच्या आजीची स्वतःची आठवण 1940 च्या अलीकडची, आणि तिने आपल्या आजीकडून ऐकलेले धरले तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोचणारी. धरणगावात यंत्राची जिन मात्र 1855 मध्येच आली. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेनासा झाला, खानदेशच्या कापसाला भाव आला, त्याच सुमारास रेल्वे आली आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढत गेले. व्यापाराच्या कापसातून हाताने लोढणे मागे हटत गेले, ते आज हयात असलेल्या कुणाच्याही जन्माच्या कितीतरी आधी.

आणि तरीही एखादी आजी म्हणेल, “आम्ही अशी सळई फिरवली आहे,” आणि ती खरेच सांगत असेल. कारण लोढण्याची सळई या भागात एकदा निरोप घेऊन पुन्हा परत आली. खादीच्या चळवळीत कापूस घरीच लोढण्यावर भर होता. त्यासाठी लोखंडी सळई आणि लाकडी पाटी हे अगदी साधे साधन वापरले गेले, आणि 1937 नंतर वर्ध्याहून पसरलेल्या नयी तालीमच्या शिक्षणात मुलांच्या हातीही ते आले. 1936 च्या डिसेंबरात खानदेशातच फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले आणि तिथे खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते. म्हणजे माळ्यावरचा दांडा वखारीच्या काळातला असू शकतो, तसाच तो या नव्या उमेदीच्या काळातलाही असू शकतो. दोन्ही वेळी काम एकच, झीज जवळपास एकच, पण अर्थ पार वेगळा: एकदा तो पोटाचा उद्योग होता, दुसऱ्यांदा स्वराज्याचा. वस्तूचे काम ओळखणे आणि तिचे वय ठरवणे हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि आपण पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे समजून चालतो. काळाचा निवाडा धातूकडून मागावा लागतो: सळई लोहाराने ठोकून घडवली आहे की कारखान्यातल्या एकसारख्या जाडीच्या लाटीव पोलादातून कापली आहे, टोके निमुळती करताना घणाचे पैलू राहिले आहेत की कानशीचे. इथे आठवण आणि लोखंड एकमेकांना विरोध करत नाहीत. एकाची साक्ष दुसऱ्याने तपासायची असते.

उरतो अजिंठ्याचा प्रश्न. जळगावहून सुमारे 60 किलोमीटरवर असलेल्या या लेण्यांतल्या पाचव्या शतकातल्या एका चित्रात एक स्त्री एकाच लाटेने कापूस लोढताना दिसते, अशी ओळख डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाने पटवली आणि प्राचीन भारतातल्या कापूस-उद्योगावरचा त्यांचा लेख 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. आबांना हा पुरावा निर्णायक वाटेल: “घे, दीड हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे, आता आणखी काय हवं?” आणि संशयी वाचक उलट विचारेल, की एवढ्या जुन्या चित्राचा आपल्या माळ्यावरच्या दांड्याशी संबंध काय? दोघांनाही एकच उत्तर आहे. चित्राने या दांड्याची ओळख पटत नाही. त्याने एवढेच सिद्ध होते, की एका लाटेने लोढण्याची रीत या परिसरात फार पूर्वीपासून माहीत होती, म्हणून आपला तर्क हवेतला नाही. त्याहून मोलाचे असे, की चित्रात अवजाराबरोबर देह आहे: बसण्याची ढब, हातांची जागा, लाटेखालचा पाट. सुटा दांडा हे अर्धेच अवजार आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग खालचा दगड. तो दगड आज पाटा समजून कुठे तरी मसाल्याला लागला असेल किंवा पायरीत बसला असेल. चित्र आपल्याला दांड्याचा जोडीदार शोधायला पाठवते, आणि त्या दगडावर जुळणारी झीज मिळाली तर दोन स्वतंत्र साक्षी एकत्र येतात.

शेवटचा आक्षेप वैतागाचा आहे, पण त्यालाही उत्तर द्यायला हवे. “एवढा खटाटोप कशाला? लाटणं म्हटलं तर कुणाचं काय बिघडलं?” बिघडते ते असे. वखारीतून कापडाचे गठ्ठे सुरतेकडे गेले त्यांचा हिशेब आहे. 1794 मध्ये एली व्हिटनीने अमेरिकेत कापसाच्या जिनचे पेटंट घेतले त्याचे नाव शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पण त्या प्रत्येक गठ्ठ्यातल्या सुताच्या दुप्पट वजनाची सरकी कुणी तरी हाताने वेगळी केली होती, आणि हे काम प्रामुख्याने बायकांनी घरात बसून केले. त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्यांच्या कौशल्याचा पुरावा म्हणून जर काही उरले असेल तर असे दांडे आणि असे दगड. दांड्याला लाटणे म्हटले की तो घराच्या रोजच्या भाकरीत विरघळून जातो आणि खानदेशच्या उद्योगातून वजा होतो. उलट खातरजमा न करता त्याला लोढण्याची सळई म्हटले, तर आपण एका खऱ्या इतिहासाला खोटा पुरावा जोडतो, आणि उद्या तो खोटा ठरला की खऱ्या इतिहासावरही लोक शंका घेतात. दोन्ही चुकांची किंमत त्याच बायकांना मोजावी लागते.

म्हणून या वादात माझा कौल पुतणीच्या बाजूने आहे, पण आबांच्या आकार आणि आठवण या दोन्ही साक्षीदारांना सोबत घेऊन. वस्तूचे काम ओळखणे म्हणजे तिला शोभेल असे एक नाव देणे नव्हे. इतर सर्व नावांना हरवून जे उरते ते स्वीकारणे. आकाराने अशक्य ते बाद करावे, झिजेने घडलेली हालचाल सांगावी, अडकलेल्या कणांनी पदार्थ सांगावा, धातूने काळ सांगावा आणि आठवणीने माणूस सांगावा. यांतले तीन तरी एकमेकांवर अवलंबून न राहता एकाच उत्तराकडे बोट दाखवत असतील तर ते उत्तर छापावे. तसे नसेल तर चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे: कोणते दावे पडले, कोणता टिकून आहे आणि तो कोणत्या पुराव्याने पडू शकेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने रोजच्या वापरातल्या वस्तूंनाही संग्रहात मानाची जागा असते हे महाराष्ट्राला दाखवून दिले. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जुन्या कागदांची कदर खानदेशात रुजवली. कागद वाचताना आपण पाठभेद टिपतो, तारीख तपासतो, शिक्का बघतो. तीच शिस्त आता अवजारांना लावायची आहे, आणि त्याला फार साधने लागत नाहीत: एक वही, एक मोजपट्टी, एक भिंग, वस्तू जागेवर असतानाच घेतलेले छायाचित्र आणि गावातल्या सर्वांत वडील बाईशी एक सविस्तर बोलणे. नयी तालीमच्या काळात ज्यांनी लहानपणी हातात सळई धरली असेल, त्यांची पिढी आता नव्वदीत आहे. लोखंड आणखी पन्नास वर्षे वाट बघेल. त्यांना विचारायचे तर ते याच वर्षी विचारले पाहिजे.